झाकणाला तीन हात

बाईंच्या ट्रॅक्टरला सगळे म्हातारा म्हणत. वडिलांनी लेकीसाठी मागे ठेवलेली तेवढी एकच वस्तू. त्यामुळे त्याच्यावर कुणी साधी चिखलाची बोटं पुसली तरी बाई अंगावर धावून जात.

पण गेले काही महिने म्हाताऱ्याने खोड धरली होती. सकाळी गार असताना एका हाकेत उठायचा. दुपारी तापल्यावर बंद केला की काही केल्या दाद देत नसे. बॅटरी बदलली, स्टार्टर उघडून पाहिला, पंपावर ओली फडकी टाकली. मिस्त्रीने हात टेकले. संध्याकाळी मात्र स्वारी आपोआप ताळ्यावर! मग बाईंनी दिवसा इंजिन बंद करणंच सोडलं. जेवतानाही ते शेजारी धडधडत असे आणि नवरा-बायको एकमेकांवर ओरडत जेवत. लांबून बघणाऱ्याला वाटे, रोज कसलं एवढं भांडण?

असं किती दिवस रेटणार? शेवटी बाईंनी मन घट्ट केलं. नवरा पाट्या रंगवणारा. त्यानेच ‘विकणे आहे’ अशी सुबक पाटी रंगवली आणि त्या दिवशी धड जेवला नाही. आज दुपारी गिऱ्हाईक येणार होतं.

फसवाफसवी बाईंच्या रक्तात नव्हती. खोड त्याला दिसलीच पाहिजे, म्हणून त्यांनी तापलेलं इंजिन बंद केलं, किल्ली फिरवून पाहिली. खर्र, खर्र, पुढे काही नाही. त्यांना रडूच आलं.

“अहो, डिझेल आणा,” त्या म्हणाल्या. “एरवी सकाळीच भरते मी. पण बाबांचा म्हातारा उपाशीपोटी परक्याच्या दारी जायचा नाही.”

टाकीचं झाकण हलेना. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर ते सैल झालं आणि टाकीने सूऽऽ करून हवा आत ओढली. बाई थबकल्या. डिझेल राहिलं बाजूला. त्यांनी जाऊन किल्ली फिरवली आणि म्हातारा धडाडून उठला!

बाईंनी झाकण उन्हात धरलं. हवेसाठी त्याला बारीकसं भोक असतं. त्यात लाल रंग गच्च बसला होता. डिझेल संपत जाई, पण वरून हवा शिरायला वाट नाही. चालू असताना पंप कसंबसं ओढून घेई. थांबला की त्याचा जोर सरे. संध्याकाळपर्यंत झाकणाच्या आट्यांतून हवा आत झिरपली की गडी तयार. तापण्याचा काडीचा संबंध नव्हता.

“अहो, हा रंग कुणी दिला?”

“मीच की! तुझ्या वाढदिवसाला.” नवऱ्याची छाती फुगली. “झाकणाला तर तीन हात मारलेत. तुझा हात रोज तिथेच लागतो ना!”

बाईंनी झाकणाचं बुजलेलं भोक त्याच्यापुढे धरलं. तो बघत राहिला आणि कानापर्यंत लाल झाला. बाई इतक्या हसल्या की चाकाला टेकून खालीच बसल्या. मग केसांतली पिन काढून त्यांनी भोक मोकळं केलं, झाकण बसवलं, आणि इंजिन बंद, चालू, बंद, चालू, असा दिव्याच्या बटणाशी चालतो तसला पोरखेळ मनसोक्त करून घेतला.

शेवटी ते बंद ठेवून दोघांनी डबा सोडला. पाखरं ओरडत होती.

“पाटी पुसू का?” नवरा सवयीने बेंबीच्या देठापासून ओरडला.

“ओरडताय कशाला? ऐकू येतंय मला.”

तो वरमला. बाईंच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, “पुसू का गं?”

“‘आहे’ पुसा, ‘नाही’ लिहा. गिऱ्हाईक आलं की त्यालाही जेवायला बसवू,” बाई म्हणाल्या. “आणि अहो, हात एकच मारा.”