दोन बोटांची जागा

आईने कोंबडी पायांना धरून उलटी केली, शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं टेकवली आणि मान न वळवता म्हणाली,

"क्रेटमध्ये."

लेकीने क्रेटचं झाकण उचललं.

हाडांमध्ये दोन बोटं बसली, तर कोंबडी अजून अंडी घालतेय. हाडं मिटली, की तिचं इथलं काम संपलं. शेडमध्ये एवढाच कायदा होता. बाहेर अशा कोंबड्या कापायला नेणारा टेम्पोवाला खोळंबला होता. त्याला सगळे घाईभाऊ म्हणत, कारण तो आल्या आल्या जायला निघे. आज मात्र नेहमीची कामवाली बाई आजारी होती आणि तिच्या जागी लेक उभी होती. ती एकेक कोंबडी अशी उचलत होती, जणू पाहुण्यांचं तान्हं बाळ हातात दिलंय.

लेक दोन वर्षांनी आली होती. काल जेवताना तिने ताटातलं अंडं हलकेच कडेला सारलं, तेव्हा आईने न पाहिल्यासारखं केलं. पण ताटं उचलायच्या आत विषय निघालाच. तिच्या ऑफिसात म्हणे जनावरांच्या हालांचा अंदाज बांधतात. कोणतं जनावर किती जगतं, त्यातून माणसांना किती खायला मिळतं, म्हणजे एका ताटामागे किती हाल. मोठं जनावर कापलं तर आळीभर लोक जेवतात. कोंबडी एका घरात एका वेळेला संपते. आणि एका अंड्यामागे तिचा दिवसाहून जास्त वेळ पिंजऱ्यात जातो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, की याच अंड्यांवर शिकून एवढी शहाणी झालीस, की आता आईलाच तराजूत बसवलंस. सकाळी लेकीची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. आता परत कधी, असं विचारायचं आईच्या जिभेवर आलं होतं. पण ती जीभ टोचायला जेवढी चटकन वळे, तेवढी विचारायला वळत नसे.

"बोटं दे इकडे," आई म्हणाली.

तिने लेकीची दोन बोटं धरून पुढच्या कोंबडीच्या हाडांशी टेकवली. लेकीने श्वास रोखला.

"किती गरम आहे ही."

"ताप नाही आलेला. कोंबडी असतेच गरम."

ही अजून घालत होती. लेकीने तिला पिंजऱ्यात सोडलं आणि हात पुसत विचारलं,

"आई, यांना कोणी नेलंच नाही, तर किती जगतील?"

आईचा सगळा जन्म कोंबड्यांत गेला, पण म्हातारी होऊन मेलेली कोंबडी तिने एकही पाहिली नव्हती.

"कोणी ठेवून बघितलंय? तुमच्या ऑफिसात काय धरतात?"

"पुस्तकात असतं ते. आमच्यातही कोणी पाहिलेलं नाही."

"आणि हाल? ते कसले मोजता गं?"

"मोजता येत नाहीत. अंदाज करतो. नाही केला, तर ते शून्य धरले जातात."

आईने पदराला चिकटलेलं पीस काढलं आणि बराच वेळ चिमटीत धरून ठेवलं.

शेवटच्या पिंजऱ्यात सासूबाई होत्या. आत हात घालणाऱ्या प्रत्येकाला टोचायच्या, म्हणून आईनेच हे नाव ठेवलेलं. तुरा फिका पडलेला, मानेवरची पिसं गेलेली. आईने तिला उलटी केली, बोटं टेकवली. बाहेर हॉर्न वाजला.

"घालतेय," आई म्हणाली.

परत ठेवायला लेकीने कोंबडी हातात घेतली आणि तिची बोटं आपोआप शेपटीखाली गेली. हाडं घट्ट मिटलेली होती. करंगळीसुद्धा शिरली नसती.

तिने वर पाहिलं. आई पाठमोरी होऊन पिंजऱ्याची कडी पुसत होती. कडी स्वच्छच होती.

"हो," लेक म्हणाली. "घालतेय."

घाईभाऊने क्रेट टेम्पोत चढवले आणि तो निघून गेला. शेडचा एक कोपरा एकदम गप्प झाला. आईने कडी लावली.

"ही किती जगते ते मी सांगेन फोनवर. पण फोनवरचं तुमच्यात चालत नसेल."

सासूबाईंनी गजांमधून मान काढून लेकीच्या बोटाला टोच मारली. लेकीने बोट मागे घेतलं नाही.

"नाही चालत," ती म्हणाली. "येऊन बघावं लागतं."