तिसरा फटका

"अगं ए मिठागरवाले, झोपलीस की काय तिथं? काटे रोव बुटांचे! समुद्रात पाय सोडून बसल्यागत काय उभी राहिलीस?"

येर्नेय म्हातारा दोराच्या वरच्या टोकाला होता. मधे त्याची सून पोलोना, आणि सगळ्यात खाली त्याचा पुतण्या गाश्पर. व्रान डोंगराच्या उत्तर अंगानं ही अरुंद घळ थेट माथ्याला भिडते. गावात तिला धुराडं म्हणतात, आणि जानेवारीत ती गोठलेल्या बर्फानं काठोकाठ भरलेली असते. पोलोनाच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. तिनं कुऱ्हाड वर मारली, बुटाचे काटे रोवले आणि एक पाऊल वर चढली.

"वहिनी, घाई नको हं," खालून गाश्पर म्हणाला. "पडलीस तर माझ्याच डोक्यावर येशील. तुझं ओझं मला पेलायचं नाही."

"तुझं तोंड मिटलंस तर बरंच ओझं कमी होईल."

उत्तर द्यायला ती कधीच कमी नव्हती. म्हाताऱ्याला तिचं तेच खुपायचं.

व्रानच्या खांद्यावर, जंगल जिथं संपतं तिथं, येर्नेयचं कोचा आहे, म्हणजे चढायला येणाऱ्यांच्या मुक्कामाचं घर. लग्न होऊन आली त्या दिवसापासून पोलोना तिथं राबत होती. आंबवलेल्या कोबीच्या आणि घेवड्याच्या रश्श्याची, योटाची, पातेली ढवळायची, पाहुण्यांचे ओले मोजे शेगडीवर वाळत घालायचे, वर त्यांची रडगाणी ऐकायची. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा तिलेन गेला. डोंगरात नव्हे, रस्त्यावर. तिला समुद्रकाठच्या पिरानहून, मिठागरातल्या माहेराहून, आणताना गाडी घसरली. ती वाचली, तो गेला. म्हाताऱ्यानं ते तिला कधीच माफ केलं नाही. "डोंगरात मेला असता तर नाव तरी राहिलं असतं," असं तो तिच्यादेखत पाहुण्यांना सांगे, आणि ती त्याच पाहुण्यांना योटा वाढत असे.

आता त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि कोचा कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. गाश्पर टपूनच बसला होता. सासू नेझा मात्र सुनेच्या बाजूनं हट्टाला पेटली. शेवटी म्हातारा म्हणाला, "बरं. भर हिवाळ्यात धुराड्यातून माथा गाठू दे, दोराचे तीन फटके खाऊ दे. घर हिचं. नाही जमलं तर मिठागरात परत."

पहिल्यांदा माथ्यावर पोचलेल्याला वाकवून ढुंगणावर दोराचे तीन फटके द्यायचे, ही त्या मुलखातली जुनी रीत. इतर घरांत ती हसतखिदळत पार पडते. येर्नेयच्या घराण्यात हसण्याला जागा नव्हती. तिसरा फटका बसेपर्यंत नवख्यानं हूं की चूं करायचं नाही. केलं तर सगळी चढाई फुकट. गाश्पर पहिल्या खेपेला दुसऱ्या फटक्यालाच ओरडला होता आणि पुढच्या हिवाळ्यात त्याला पुन्हा धुराड्यातून वर यावं लागलं होतं. परतलेल्यांना दारातूनच "किती?" म्हणून विचारतात. "तीन" म्हटलं की मग आलुबुखाराच्या दारूचा पेला हातात पडतो.

घळीच्या गळ्याशी पोलोनाचा पाय सुटला. ती हातभर खाली घसरली आणि दोराला लटकली. म्हाताऱ्यानं दोर पक्का धरला होता, पण तो वर ओढेना.

"म्हण, जमत नाही," तो वरून म्हणाला. "एवढंच म्हण. सावकाश खाली नेतो."

"दोर ताठ धरा, बाबा."

"सोडू का?"

दोर खरंच वीतभर सोडला त्यानं. खालून गाश्परचं खिदळणं ऐकू आलं. तिनं दात आवळले, कुऱ्हाड कशीबशी बर्फात घुसवली आणि पाय पुन्हा रोवले. म्हातारा मेला तर बरं होईल, असं तिच्या मनात आलं, अगदी स्पष्ट शब्दांत आलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

माथ्यावर लख्ख ऊन होतं. आठवडाभर घोंघावलेल्या वाऱ्यानं बर्फ इतका लोटला होता की माथ्यावरच्या लोखंडी खांबाचं नुसतं टोक वर दिसत होतं. फटक्यांसाठी दोर दुहेरी करावा लागतो, म्हणून तिघांनीही कमरेचा दोर सोडला. ही रीतच तशी. दरीकडे पाठ करून माथ्यावर उभं राहू नये, काठाचा बर्फ हवेत पुढं आलेला असतो, खाली आधार नसतो, असं तिलेननं तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ते त्याला ह्याच बापानं शिकवलं होतं. पण खांबापासून चार पावलांपर्यंत पायाखाली खडकच असतो, हे म्हाताऱ्याच्या पायांना जन्मभर पाठ होतं, आणि आज नुसतं टोक उरलेल्या खांबावरून त्याला अंतराचा अंदाज येत नव्हता.

"वाक."

खांबाकडे तोंड करून ती वाकली, हात गुडघ्यांवर. स्वतःच्या पायांमधून तिला मागं, दरीच्या बाजूला, म्हाताऱ्याचे बूट उलटे दिसत होते.

पहिला फटका बसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही. म्हातारा हात मोकळा करायला मागं सरला. तिच्या बुटांच्या आणि त्याच्या बुटांच्या मधे बर्फात एक निळसर रेघ उमटली.

दुसरा फटका आणखी जोरात आला. रेघेत आता बोट गेलं असतं. पोलोनानं तोंड उघडलं.

आणि मिटलं. एकच राहिलाय. तो बसू दे, मग सांगते. ह्या एका ओरडण्यापायी घर घालवू? हा पुन्हा चढू देईल मला? एकच तर राहिलाय.

"हा तिलेनचा," म्हातारा म्हणाला. आणखी एक पाऊल मागं टाकून त्यानं हात उगारला.

धप्प असा मोठा आवाज झाला. फटका आलाच नाही. ती वळली तेव्हा रेघेपलीकडचा सगळा बर्फ नाहीसा झाला होता. म्हातारा नव्हता, दोरही नव्हता. खाली खूप दूर बर्फाचा धुरळा उडत होता.

बाजूला गाश्पर मोबाइल हातात धरून फोटो काढायच्या पवित्र्यात उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला दिसत होती ती रेघ," तो म्हणाला.

"तुला?"

त्यानं मोबाइल खिशात टाकला. "इथं रेंज नाही. चल."

दोर नव्हता, म्हणून धारेवरच्या लोखंडी तारा धरून दोघं उतरले. कोचाच्या धुराचा वास आल्यावर गाश्पर थांबला.

"वहिनी, दोनच बसले. तिसरा लागला नाही. मी बघत होतो."

पोलोनानं त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता.

नेझा दारातच उभी होती. कमरेला एप्रन, हातात तबक, तबकात भरलेले पेले. सून आपल्या पायांनी परतलेली बघून तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"किती?" तिनं लांबूनच हाक दिली.

"दोन, काकू," गाश्पर म्हणाला.

"दोन?" नेझा खळखळून हसली. "आणि तिसरा? दया आली वाटतं म्हाताऱ्याला! कुठं रेंगाळलाय तो?"

मान उंचावून ती त्यांच्या मागची वाट बघू लागली. पोलोनाला आता बोलायची कुणाची बंदी नव्हती. तिच्या तोंडून शब्द फुटेना.