मेमरी कार्डातली ओवी

मांडवात बायडामावशीनं जातं मांडलं होतं. हळद दळताना पहिली ओवी नवरीच्या आईनं म्हणायची, हा आमच्याकडचा रिवाज. माझी बहीण पंकजा नवरी, आणि आई कधीच गेलेली. पण तिचा आवाज माझ्याकडं होता.

आई-बाप ऊसतोडीला जायचे, आम्ही भावंडं जामखेडला चुलत्याकडं. आई फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत बसून बटनाच्या मोबाईलात ओव्या म्हणायची आणि मेमरी कार्ड गावाकडं येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती धाडायची. ते ऐकल्याशिवाय आम्हाला झोप यायची नाही.

त्या कार्डातली जुनी फाईल आताच्या मोबाईलवर वाजेना. फाईल बदलणारं एक फुकटचं टूल लॅपटॉपवर घेतलं, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून चालवायचं. चालवलं, तर धाडकन बंद. ‘लायब्ररी सापडत नाही.’ लायब्ररी म्हणजे टूलला लागणारा दुसऱ्या कुणाचा तयार कोड. टूल लिहिणाऱ्याच्या मशीनवर ती आधीच होती, म्हणून ती लागते हे सांगायची अक्कल त्याला झाली नाही. आपल्या घरी नळ आहे म्हणजे जगाला पाणी आहे, असं समजणारी जमात!

“आंगद्या, हळद काय आता दिवाळीला दळायची?”

“मावशे, थांब की जरा!”

“मी थांबंन. वऱ्हाड थांबल का?”

मोबाईलच्या नेटवर लायब्ररी उतरवली. टूल परत बंद पडलं. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीतून असल्या फाईली वाचायची सोयच काढलेली. का, तर म्हणे हे आता कुणी वापरत नाही. कुणी म्हणजे कोण रे? कोपीतली बाई तुमच्या खिजगणतीत होती कधी? नवी आवृत्ती उपटून फेकली, जुनी बसवली. या वेळी टूल बंद पडलं नाही.

फाईल स्पीकरवर लावली. आधी खरखर, बैलांची घुंगरं, मग आई. “पंके, जेवला का गं दोघं?”

बाया स्पीकरजवळ सरकल्या. आईनं ओवी धरली. लेकीच्या केसांना तेल लावायला हात पुरत नाही, अशी काहीशी. तेवढ्यात फाईलीतच मागून टोळीचा मुकादम आईवर ओरडला, “रंगुबाई, गाडी भरायची हाय!” आणि आवाज तुटला. पुढं काहीच नव्हतं.

मावशीनं बायांकडं पाहिलं. पुढची ओवी कुणालाच येईना. ती आईनं आमच्यापुरतीच जुळवलेली.

पंकजा पाटावरून उठली, जात्याचा खुंटा धरला.

“अगं, नवरीनं न्हाई म्हनायचं!”

“मग तू म्हन. येती का?”

पंकजानं जातं ओढलं आणि आई तुटली होती तिथून ओवी उचलली, पुढचे शब्द तिचे तिनंच जुळवले. आवाज बसका, सूर कुठल्या कुठं. मावशीनं मूठभर हळकुंडं जात्यात टाकली.