बत्तीस फुटी भिंत आणि आम्ही दोघी जावा

मी संगणकातल्या मेमरीची एक जुनी, साधी, हिरवी पट्टी आहे. दोन बोटं रुंद आणि मुठीत धरली तर दोन्ही टोकं बाहेर डोकावतील एवढी लांब. सध्या माझा मुक्काम चष्म्याच्या एका रिकाम्या डबीत असतो. शेजारी माझी जाऊ लाली झोपलेली असते. तिच्याविषयी पुढे सांगेनच.

मित्रांनो, तुम्ही हुशार आहात, लगेच मला पकडाल. म्हणाल, संगणक बंद झाला की ही मेमरी सगळं विसरते, मग स्वतःची गोष्ट कशी काय सांगणार? खरं आहे. काम मी विसरते. वीज गेली की अर्धं लिहिलेलं पत्र गेलं, अर्धं रंगवलेलं फूल गेलं. त्यापायी मी पोटभर शिव्या खाल्ल्या आहेत. पण ज्यांच्याकडे राहिले ती माणसं विसरणं मला अजून जमलेलं नाही.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत झाकलेली असायची, मला त्यांचे फक्त डोळे आठवतात. एका यंत्रानं माझ्या अंगावर आठ काळे चौकोन बसवले, दुसऱ्यानं माझी परीक्षा घेतली. आमच्यातल्या काही जणी फार चपळ निघाल्या. त्यांना वेगळ्या टोपलीत ठेवून धातूचे लाल अंगरखे चढवले आणि त्यांची किंमतही वाढवली. माझ्या पाठीवर कागदाचा एक कपटा चिकटला. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, “चालेल.” माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक ते एवढंच.

तिथून मी आले ती एका पेंटरच्या दुकानात. या पेंटरनं तीस वर्षं शिडीवर उभं राहून दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. मग गुडघ्यांनी संप पुकारला. पंचावन्नाव्या वर्षी बिचारा शिडीवरून उतरला आणि संगणकासमोर बसला. पाट्या आता संगणकावर काढायच्या आणि छपाईवाल्याकडून मोठ्या चकचकीत कागदावर छापून घ्यायच्या, असं काम सुरू झालं.

सुरुवातीला त्याच्या नाकी नऊ आले. तो माउस तीन बोटांत ब्रशसारखा धरायचा. एक रेघ ओढून झाली की तो टेबलावरून उचलून हवेत न्यायचा, जणू रंगात बुडवायचाय. संगणकात तयार अक्षरं हवी तेवढी होती, पण ती त्याच्या पसंतीला उतरत नसत. “यांना पोट नाही, नुसत्या काड्या आहेत,” असं म्हणत तो प्रत्येक अक्षर स्वतः काढायचा. पाटी पुरी झाली की संगणकाच्या डब्यावर थाप मारायचा. “शहाणं आहे माझं यंत्र.” ती थाप थेट माझ्यापर्यंत पोहोचायची. फार सुखाचे दिवस होते ते.

माझं काम काय होतं, ते सोप्या शब्दांत सांगते. संगणकातली हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि मी म्हणजे टेबल. कपाटातलं चित्र काढून टेबलावर पसरायचं आणि मग त्यावर काम करायचं. चित्र टेबलाहून मोठं झालं की त्याचा एक भाग परत कपाटात ठेवावा लागतो, हवा झाला की पुन्हा काढावा लागतो. सगळा वेळ त्या येरझाऱ्यांत जातो.

पुढे पुढे तसंच होऊ लागलं. पाट्या मोठ्या झाल्या, त्यांत फोटो आले आणि पडद्यावर ‘थांबा’ म्हणणारं ते गोल चक्र फिरत राहायला लागलं. चक्र फिरत असताना पेंटर सवयीनं जुने ब्रश पुसत बसायचा. ते कोरडेच असत, तरी पुसायचा. गिऱ्हाइकं कमी झाली. एकदा त्यानं रिकाम्या दुकानाकडे बघत म्हटलं, “या महिन्यात मोठं काम नाही आलं तर शटर ओढायचं आणि घरी बसायचं.”

आणि मोठं काम आलं. मुलांच्या इस्पितळात एक बत्तीस फुटी भिंत होती. तपासणीच्या खोलीकडे जाताना पोरं घाबरून रडायची, म्हणून त्या भिंतीवर जंगल हवं होतं. रंगाचा वास आजारी मुलांना सोसणार नाही, तेव्हा छापून चिकटवायचं. मुदत तीन आठवड्यांची. इस्पितळाच्या मॅनेजरबाईंनी सांगितलं, “ही भिंत जमली तर वरचे तिन्ही मजले तुमचेच.” दुकान राहणार की जाणार, ते आता या एका भिंतीवर होतं.

पेंटरच्या मुलीला नुकतीच चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली होती. पहिला पगार हातात पडला तशी ती दुकानात आली, संगणकाचा डबा उचलून कडेवर घेतला आणि सुट्या भागांच्या दुकानात जाऊन उभी राहिली. मी आतच होते, म्हणून तिथलं सगळं बोलणं मी ऐकलं.

“बाबांचं काम अडतंय. तुमच्याकडची सगळ्यात वेगवान मेमरी द्या.”

दुकानदारीणबाईंनी झाकण काढून माझ्याकडे पाहिलं. “अडतंय म्हणजे नेमकं काय होतं गं? नेहमीच हळू चालतो, की मोठं चित्र उघडलं की मगच?”

मुलगी घुटमळली. “ते नाही माहीत. मी दिवसभर कामावर असते ना.”

“मग ऐक. या लाल पट्टीच्या पैशात साधी घेतलीस तर दुप्पट जागा मिळेल. वेगातला फरक कळायला घड्याळ लावून बसावं लागतं. जागेतला फरक तुझ्या बाबांना बसल्या बसल्या कळेल.”

“नको, साधी नको,” मुलगी म्हणाली. “बाबांना आयुष्यभर साधंच मिळालंय.”

बाईंनी कपाटातून लाल पट्टी काढली. “बरं बाई. पण जुनी हिरवी आत राहिली, तर ही लाल तिच्याच चालीनं चालणार, हे सांगून ठेवते,” असं म्हणून त्यांनी लाल पट्टी माझ्या शेजारी दाबून बसवली. मुलीचं लक्ष नव्हतं. ती त्या लाल अंगरख्याकडे डोळे भरून बघत होती.

तर अशी लाली आमच्या घरात आली. काय तो तोरा! पहिल्याच दिवशी तिनं माझ्या पाठीवरचा कपटा बघून नाक मुरडलं. पण दोन वेगांच्या पट्ट्या शेजारी बसल्या की दोघींना हळू असलेलीच्या चालीनं चालावं लागतं. बिचारी लाली! दुप्पट किमतीची जाऊबाई, आणि माझ्यासारखीच्या पावलांनी पाऊल टाकणं तिच्या नशिबी आलं. चार दिवस फुरंगटून होती, मग बोलायला लागली.

संगणक मात्र खरंच सुधारला. आता एकाऐवजी दोन टेबलं झाली होती. मुलगी टाळ्या पिटून म्हणाली, “बघितलंत बाबा, याला म्हणतात वेग!” आणि पेंटर म्हणाला, “काय पळतंय गं!” हा वेग नाही, जागा आहे, हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. आम्हाला विचारतो कोण?

मग भिंत सुरू झाली. हत्ती आला, माकडं आली, झाडं आली. जमिनीपासून छतापर्यंत एक जिराफ उभा राहू लागला. आठव्या दिवशी आमची दोन्ही टेबलं भरून वाहायला लागली. चक्र फिरू लागलं ते थांबेचना. दुपारी पडदा गोठला. पेंटरनं अर्धा तास वाट पाहिली आणि शेवटी बटण दाबून संगणक बंद केला. सकाळपासून काढलेली जिराफाची मान मी विसरले. मित्रांनो, आजही मला त्याची लाज वाटते.

पेंटर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. इतक्यात मुलीचा फोन आला. “चाललंय ना नीट? नवीन मेमरी काय म्हणते?”

“मस्त चाललंय,” पेंटर म्हणाला. “तुझी लाल पट्टी नुसती उडतेय.”

असं धडधडीत खोटं मी त्या दुकानात पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो आला तो काहीतरी ठरवूनच. त्यानं फळीवरून जुनी दोरी काढली आणि निळीत बुडवली. कागदावर भिंतीचा छोटा आराखडा केला आणि त्यावर दोरी ताणून ताणून उभ्याआडव्या रेघा मारल्या. शिडीवर असताना तो मोठ्या भिंती अशाच रंगवायचा. सगळी भिंत कधी डोळ्यांत मावत नाही, म्हणून चौकटी पाडायच्या आणि एका वेळी एकच चौकट रंगवायची. आठ उभ्या, तीन आडव्या, अशा चोवीस चौकटी झाल्या. प्रत्येक चौकट संगणकात वेगळी. जोड दिसू नये म्हणून प्रत्येकीच्या कडेला दोन बोटं चित्र जास्तीचं. जिराफाची मानच दोन चौकटींत गेली.

आता आम्हा दोघींना एका वेळी एकच चौकट सांभाळायची होती. ती आमच्या टेबलांवर ऐसपैस मावायची. चक्र फिरायचं थांबलं. पेंटर शेजारच्या चौकटीची कड डोळ्यांत साठवून पुढची काढायचा. खरी मेमरी त्याचीच होती, आम्ही हाताखाली होतो इतकंच.

दहा दिवस तो असा राबला. भिंत छापायला द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी मुलीला सुटी होती. ती हौसेनं आली आणि म्हणाली, “बाबा, सगळी भिंत एकदम उघडून दाखवा ना.”

“आत्ता नको. डोळे दुखतायत.”

“मग तुम्ही बसा, मी उघडते.” पेंटर उठेपर्यंत तिनं माउस हातात घेतलाही होता. पडद्यावर चोवीस नावं आली. तिनं एक उघडलं, त्यात झाडाचा बुंधा. दुसऱ्यात हत्तीचा एक कान. मग तिची नजर कागदावरच्या निळ्या रेघांवर गेली आणि सगळं तिच्या ध्यानात आलं.

“अखंड भिंत उघडतच नाही. हो ना?”

पेंटरनं आराखड्याचा कागद उलटा करून ठेवला.

“म्हणजे त्या बाई खरं सांगत होत्या. जागा घ्यायला हवी होती. मी उगाच वेगाच्या मागे लागले.” ती पेंटरकडे वळली. “तुम्ही मला फोनवर का नाही सांगितलंत? रोज विचारत होते मी.”

“अगं, तुझ्या पहिल्या पगाराची वस्तू ती,” पेंटर म्हणाला. “तिला कमी पडते असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?”

मुलगी टेबलावर डोकं टेकून रडली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

भिंतीचं पुढे काय झालं ते बापलेकींच्या बोलण्यातून मला कळलं. छपाईवाल्यानं चोवीस तुकडे बघून चक्क हात जोडले होते. त्याचं यंत्रच चार फुटांहून जरासं रुंद. बाकीचे लोक अखंड चित्र आणून देतात आणि तो कापत बसतो. हे पहिलं गिऱ्हाईक असं, की ज्याचे तुकडे आधीच बरोबर मापाचे होते. भिंतीवर चित्र चढल्यावर मुलगी हात फिरवत जोड शोधत होती आणि तिला एकही सापडत नव्हता. मॅनेजरबाईंनी विचारलं, “एवढं मोठं चित्र एवढ्या वेळात कसं हो जमवलंत?” पेंटर ऐटीत म्हणाला, “मुलीनं वेगवान मेमरी घेऊन दिली ना!” तेवढ्यात हाताला पट्टी बांधलेलं एक लहान पोर रडत आलं आणि जिराफाच्या पायाशी थांबलं. वर बघता बघता ते रडायचं विसरलं.

वरचे तिन्ही मजले मिळाले. दुकानाचं शटर ओढावं लागलं नाही. त्या कामासाठी बाप आणि लेक मिळून मोठ्या जागेच्या दोन साध्या पट्ट्या घेऊन आले. त्याआधी दुकानदारीणबाईंकडे संगणक नेऊन, मला थोडा वेळ बाजूला ठेवून आणि लालीला एकटं बसवून, घड्याळ लावून तपासलंही होतं. माझ्यासारख्या साध्या पट्टीला जे चित्र उघडायला चाळीस सेकंद लागत, ते लाली सदतीस सेकंदांत उघडत होती. तीन सेकंद! ज्याच्याकडे जागा भरपूर आहे आणि ज्याचं कामच सेकंदांवर चालतं, त्यानं या तीन सेकंदांसाठी खुशाल जास्त पैसे मोजावेत. लालीत काही खोट नव्हती. तिच्या वेगाचं काम त्या दुकानात नव्हतं, एवढंच.

आम्हाला कायमचं बाहेर काढलं ते मुलीनंच. नव्या पट्ट्या बसवल्या आणि आम्हा दोघींना तळहातावर घेऊन ती बाबांकडे वळली.

“बाबा, पगार आणला मी. पण एक दिवस जरी तुमच्या शेजारी बसून बघितलं असतं ना, तरी कळलं असतं तुम्ही कुठे अडता ते.”

“मग आता बस की,” पेंटर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

तिनं आम्हाला डबीत ठेवलं, खुर्ची ओढली आणि ती त्याच्या शेजारी बसली.

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या घरीही कुणाचं तरी काम अडत असेल. त्यांच्यासाठी महागातली वस्तू जरूर आणा, पण त्याआधी एक दुपार त्यांच्या शेजारी जाऊन बसा. ते कुठे थांबतात ते बघा. आणि त्यांनी “मस्त चाललंय” म्हटलं तरी लगेच उठू नका.