मिसेस हॉगनवरचा शेरा

विनिफ्रेड थेअरबाई आयुष्यात कोणाला घाबरल्या नव्हत्या. चार देशांत त्या राजदूताची बायको म्हणून मिरवल्या, हुकूमशहांच्या मांडीला मांडी लावून जेवल्या. पण वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीकाठच्या वृद्धनिवासात लोइस हॉगन राहायला आली आणि ऐंशीव्या वर्षी बाईंची झोप उडाली.

लोइस गरीब स्वभावाची, सदुसष्ट वर्षांची, दीड वर्षापूर्वी विधवा झालेली. पहिल्याच दिवशी ती बाईंच्या टेबलाशी आली. "मिसेस थेअर, ओळखलंत का? आमची पहिली नेमणूक तुमच्या हाताखाली होती."

हाताखाली हे अगदी खरं होतं. त्या काळी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नवरा नोकरीला लागला की बायकोही आपोआप लागायची, पगार तेवढा एकालाच. वकिलातीतल्या सगळ्या बायकांवर राजदूताच्या बायकोचं राज्य. बिनपगारी, फुल अधिकारी! कोणी कसला झगा घालायचा, कोणी ट्रे फिरवायचा, हे थेअरबाई ठरवायच्या. आणि नवऱ्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात बायकोवरही शेरा असायचा. ते पान नवऱ्याला दाखवत नसत. बहात्तर साली खात्याला शहाणपण सुचलं आणि ही चाल बंद झाली. हॉगन मंडळींना त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांचं जे व्हायचं ते आठ वर्षं आधीच होऊन गेलं होतं.

चौसष्ट साल. थेअरबाई त्या देशाचं नाव घेत नसत, नुसतं "आमचं तिकडे" म्हणत. तिकडच्या जनरलची बायको चहाला आली होती. लोइस काकडीच्या सँडविचचा ट्रे घेऊन तिच्यापुढे वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "आमच्या स्वयंपाकिणीचा भाऊ तुमच्या तुरुंगात आहे. त्याला कधी सोडणार हो?"

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी थेअरबाईंनी शेरा सांगितला आणि राजदूतसाहेबांनी टोस्ट चावत तो जसाच्या तसा उतरवून घेतला: 'पत्नी अविचारी आहे. या जोडप्यास जबाबदारीची जागा देऊ नये.' महिन्याभरात लोइसच्या नवऱ्याची, रसेल हॉगनची, कुठल्याशा आडगावी बदली झाली. दोन वर्षं तिथे कुजून त्याने राजीनामा दिला आणि मिनेसोटात शाळेत इतिहास शिकवू लागला.

तो जनरल तेव्हा अमेरिकेचा माणूस होता. पुढे सत्त्याहत्तरला वॉशिंग्टनला मानवी हक्कांची आठवण झाली आणि त्याची मदत तोडली. चार वर्षांनी सरकार बदललं, तर त्यालाच मेजवानी! बर्लिनची भिंत पडली, कम्युनिस्टांची भीती सरली, मग त्याला कुत्रंही विचारेना. एवढ्या वेळा धोरण फिरलं, पण हॉगनला परत बोलवावं असं कोणाला सुचलं नाही. थेअरबाईंना सुचलं होतं. त्या गप्प बसल्या, आणि तेच त्यांना आतून पोखरत होतं.

त्यात लोइसचा चांगुलपणा. सफरचंदाचा केक करून आणायची, बाईंचा चष्मा पुसून द्यायची. एकदा तिने रागाने बघितलं असतं तरी बाईंना बरं वाटलं असतं.

२००३ च्या फेब्रुवारीत एका रविवारी लोइसची मुलगी इंग्रिड जेवायला आली. त्रेचाळीस वर्षांची इंग्रिड त्याच खात्यात, स्वतःच्या नावाने, चांगल्या हुद्द्यावर होती. इराकवर फौजा निघायची तयारी चालली होती. पॉट रोस्टचं ताट तसंच ठेवून तिने पर्समधून एक पाकीट काढलं.

"विरोध नोंदवतेय, मिसेस थेअर. सोबत राजीनामा."

"अगं, पण नोकरी? दोन मुलं आहेत तुला."

"बाबांनाही मुलं होतीच की! बाबांनी खरं लिहिलं म्हणून त्यांना घालवलं. म्हणजे खऱ्याला घाबरतात ना हे लोक? मग घाबरू देत अजून एकदा."

लोइसचा चेहरा फुलला. "रसेलने तुरुंगाबद्दल एकोणतीस खलिते पाठवले होते. वॉशिंग्टन हादरलं असणार, नाहीतर एवढी शिक्षा कशाला? मिसेस थेअर, तुम्ही आतल्या. तुम्हीच सांगा हिला."

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. गोड हसून हो म्हणण्यात थेअरबाईंची हयात गेली होती. पण समोरची पोर एका खोट्यावर भरवसा ठेवून भाकरीवर लाथ मारायला निघाली होती. त्यांनी काटा खाली ठेवला.

"लोइस, ते खलिते वॉशिंग्टनला गेलेच नाहीत. साहेबांनी टेबलाच्या खणात टाकले. एकही गेला नाही. कोणी हादरलं नाही."

"मग बाबांना घालवलं कशाला?" इंग्रिडने विचारलं.

"अहवालातल्या शेऱ्यामुळे. तुझ्या आईवरच्या. त्या चहाबद्दलच्या. तो मी सांगितला होता."

"एका ट्रेवरून?"

"ट्रेवरून कसला! तो प्रश्न मलाही विचारायचा होता. माझी छाती झाली नाही आणि या कालच्या पोरीने विचारला. म्हणून डोकं फिरलं माझं."

"आणि अडतीस वर्षं तोंडाला कुलूप? वा!"

लोइस मांडीवरचा रुमाल सरळ करत होती. तो सरळच होता.

"थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापताना रसेल एक वाक्य हमखास म्हणायचा," ती हळूच म्हणाली. "'लोइस, त्या चहाचा काही संबंध नाही हं. सगळं खलित्यांमुळे झालं.' पस्तीस वर्षं म्हणत होता. मी चहाचा विषय कधी काढलाच नव्हता, इंग्रिड. मला वाटायचं, हा सारखं हे काय घेऊन बसतो?"

"आई..."

"त्याला शेरा कळला होता. कोणी मित्राने दाखवला असेल. माझ्यामुळे झालं हे माहीत होतं त्याला, आणि मरेपर्यंत त्याने मला कळू दिलं नाही."

त्या माणसाने जन्मभर जपून ठेवलेलं थेअरबाईंनी पाच मिनिटांत उधळलं होतं. इंग्रिडला वाचवायला म्हणून? की स्वतःच्या उरावरचं ओझं उतरवायला? त्यांनाच सांगता येईना.

इंग्रिडने पाकीट पुन्हा पर्समध्ये ठेवलं. "घरी जाऊन एकदा वाचते," ती म्हणाली. मघाचं तेज आवाजात राहिलं नव्हतं. ती आता ते पाठवणार की नाही, हेही थेअरबाईंच्याच माथी आलं.

"लोइस," त्या कशाबशा म्हणाल्या, "मला माफ कर गं."

लोइस खुर्चीला धरून उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"आज नाही, मिसेस थेअर. मी माफ केलं तर तुम्हाला छान झोप लागेल. आणि मी तिकडे एकटीच जागी राहीन."

लेकीच्या दंडाला धरून ती हळूहळू दारापर्यंत गेली. थेअरबाई वाट बघत राहिल्या, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.