भद्रा सुटेपर्यंत

दिघोरीत त्या दिवशी रुखमिणीबाईंच्या अंगणात माणसे जमू लागली होती. घरात सून शुभांगी सकाळपासून अडली होती, दारात दवाखान्याची गाडी उभी होती आणि सगळ्यांचे डोळे मात्र हवनकुंडावर! तुलाराम महाराजांचे हवन काडी न लावता पेटते, अशी त्यांची ख्याती.

"भद्रा लागली हाय! आता उंबरठा वलांडला का वंश बुडाला," महाराज गरजले. "भद्रा सुटली का अग्निदेव सोताच सांगन."

ही भद्रा कोण? चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. अर्धी तिथी म्हणजे करण, आणि त्यांतल्या एकाचे हे नाव. महिन्यातून आठदा येते. तेव्हाही गाई-म्हशी बिनधास्त वितात. सुनांनी तेवढे थांबायचे!

"काकू, रक्त जाऊन राहिलं तिचं. नेऊ द्या न जी!" नर्स प्रतीक्षा हात जोडत होती.

"महाराजाहून तुले जास्त समजते काय?" रुखमिणीबाई खेकसल्या.

महाराज चमच्याने तूप सोडत राहिले. कुंड थंडच. बाजाराला गेलेली माणसे परतली, अंगण गच्च भरले, आणि मग कुंडातून धूर निघून भडका उडाला. जयजयकारात शुभांगीला गाडीत घातले. लाखांदूरचा दवाखाना येण्याआधीच ती गेली. पोटातले बाळही गेले.

"शुभ घटकेत गेली. सद्गती हाय," महाराज म्हणाले. मेल्या बाईचेही श्रेय त्यांनी सोडले नाही.

तेरवीच्या पंगतीत महाराज पहिल्या पाटावर होते. प्रतीक्षाने सगळ्यांसमोर लाकडाच्या ढलप्यांवर विहिरीत टाकायची लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, पसरली. एका वाटीतले तूप सोडले. काही झाले नाही. दुसऱ्या वाटीतले सोडले. थोडा वेळ गेला, धूर आला आणि जाळ उठला.

"हे तूप नोहे, औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन हाय. महाराजाच्या कुंडात बी हेच लाल दवा होती, आन जवळ अशाच दोन वाट्या. दुसरी कवा उचलाची, ते त्यायच्या मनावर. आन आता भद्राच लागून हाय, पाहा पंचांगात."

महाराज ताट सोडून पळाले. रुखमिणीबाई जाळाकडे बघत राहिल्या.

"म्हंजे सकाळीच पेटलं असतं?"

"सकाळीच, काकू."

तिथी मोजणे हे आकाशाचे गणित आहे. जरूर शिका. पण बाई अडली असेल तर चंद्र कुठे आहे हे विचारू नका, डॉक्टर कुठे आहे ते विचारा. रुखमिणीबाईंना एवढे कळायला घरचे दोन जीव लागले. तुम्हाला किती लागणार आहेत?