जीवननं भरलेली फुल टाकी

मित्रांनो, मी दिघोरीची एक जुनी मोपेड आहो. कुंताबाईच्या अंगनात उभी आहो, अन् आता इथंच उभी रायनार आहो.

माहं इंजिन जुन्या तऱ्हेचं. नुसतं पेट्रोल मले चालत नाही. त्यात ऑइल मिसळावं लागते, नाही तं पोटात लोखंडावर लोखंड घासते. आजकालच्या स्कूटरीले हे लागत नाही, म्हनून नव्या लोकायले ठाऊकच नाही. कुंताबाईले ठाऊक. पंपावर थे पयले ऑइलची शिशी काढे, मंग पेट्रोल घे.

आधी मी तिच्या नवऱ्याची, पुंडलिकरावची होती. खताचं पोतं, धानाचं बियानं, बकरीचं पिल्लू, सारं वाहिलं मी. मंग त्याले लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला. बसचं पायदान उंच, त्याले चढता येत नाही. माही सीट बुटकी. म्हनून कुंताबाई पन्नाशीत गाडी शिकली, अन् दर हप्त्याले त्याले लाखांदूरच्या दवाखान्यात व्यायामाले नेऊ लागली. पडू नये म्हनून दुपट्ट्यानं आपल्या कमरेले बांधे.

"नवरा आहो का धानाचा भारा, वं?" थो मागून चिडवे.

"भारा बोलत नाही जी. चूप बसा."

पोट्टेहो, त्याची मूठ उघडू लागली होती! दवाखान्यातली ताई म्हने, "बाबा, खंड पडू देऊ नका. पडला तं हात आखडून जाईन."

अशात कुंताबाईचा लहाना भाऊ जीवन वरठीवरून आला. कारखान्यात नोकरी, बुडाखाली नवी स्कूटर. बहीन सैपाकात होती. त्यानं मले गुपचूप पंपावर नेलं.

"बाई, फुल टाकी केली! आता महिनाभर पाहू नको."

कुंताबाईचे डोये भरून आले. त्या आनंदात ऑइलचं विचाराचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दोघंबी माह्यावर बसले असताना, अर्ध्या रस्त्यात माह्या पोटात आग लागली. कड् करून मी थांबली. किक खाली जाईना.

भय्याजी मिस्त्रीनं मले उघडलं. "ऑइल कोनी टाकलं होतं?"

कुंताबाईनं पिशवीतली ऑइलची शिशी काढली, तं थे तशीच भरलेली.

"बाई, पिस्टन चिकटला. हिचं सामान आता येतच नाही." तरी त्यानं भंडारा पाहिलं, नागपूर पाहिलं. खाली हातानं आला.

जीवन लय रडला. दोनदा त्यानं भाऊजीले स्कूटरवर नेलं, मंग ड्युटी लागली. एका मानसासाठी ऑटोवाला गावात येत नाही. खंड पडला. मूठ पुन्हा बंद झाली. आता कुंताबाई त्याचं एकेक बोट उकलून धुते.

आज तिनं त्याले ओढून माह्यावर बसवलं. हात हँडलवर ठेवला. "पकडा जी. हाच व्यायाम समजा."

हात घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला.

"राहू दे, कुंते. उतरव मले. हे अन् मी, दोघंबी जाम आहो."

मित्रांनो, मले आता काहीबी टाका, उपेग नाही. पन कोनाच्या गाडीत प्रेमानं काही टाकाच्या पयले गाडीवाल्याले विचारत जा. तुमच्या घरी अशी जुनी गाडी असन, तं हिले काय लागते थे घरच्या साऱ्यायले सांगून ठेवा.

अन् पोट्टेहो, नुसते आयकत काहून उभे? त्याचा पाय माह्या स्टँडात अडकला. तिच्या एकटीच्यानं थो उतरून नाही रायला. या, हात लावा.